येसक्काचं दार

आमच्या वाडीत कुणाच्या अंगणात गेलं की "हाय का कोन घरात?" म्हणून ओरडायची पद्धत. बाकीच्या घरांतून "या की" असं उत्तर यायचं. येसक्काच्या खोपटातून मात्र उलटा प्रश्न यायचा, "खोकला हाय?" नाही म्हटलं तर ये म्हणायची. हाय म्हटलं तर "मग तितनंच बोल" म्हणायची, आणि आपण अंगणातल्या फणसाखाली उभं राहून काय ते ओरडून सांगायचं. वाडी कॅसलरॉकच्या स्टेशनापासून कोसभर, रानाच्या पोटात. एवढ्या मोठ्यानं बोललेलं सगळ्यांना ऐकू जायचं. त्यामुळे येसक्काकडे कोण कशाला गेलं होतं हे आम्हाला नेहमी माहीत असायचं.

ती विधवा होती. नवरा रेल्वेच्या गँगमध्ये होता, बोगद्याच्या कामावर गेला तो गेलाच. तिचा धंदा भात कांडायचा. स्वतःचं मुसळ खांद्यावर टाकून घरोघर जायची. शिवणीच्या लाकडाचं ते मुसळ मधोमध हातानं झिजून बारीक झालेलं होतं, आणि दुसऱ्या कुणाला ती त्याला हात लावू द्यायची नाही. बाई काठीसारखी उंच, आवाज बाप्याचा. हसली की वरचे दोन दात पुढे यायचे, म्हणून हसताना पदर तोंडाला लावायची. पण हसायची क्वचितच.

कांडताना दोघी-तिघी लागतात. एका उखळात आळीपाळीनं मुसळ पडायला हवं, म्हणून गाणं म्हणायचं. गाणं चुकलं की घाव चुकतो. येसक्का गाण्याकडे कान देऊन कांडायची आणि मधेच मुसळ धरून थांबायची. समोरच्या बाईला म्हणायची, "तू घरी जा. तुझी छाती भरलीया." ती बाई म्हणायची, "अय्यो, मला काय झालंय? धडधाकट हाय की मी." आणि दोन दिवसांनी ती तापानं फणफणून अंथरुणात असायची. हे इतक्यांदा झालं, की काही बायका तिच्याबरोबर कांडायलाच बसेनात. येसक्का कांडते आणि आजार लावते, असंही बोलून झालं. तिच्या कानावर गेलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "दम तुटतोय ते ऐकू येतंय. मी काय करू, कानात बोळं घालू?"

तिची स्वतःची दोन मुलं गेलेली. दोन्ही अपुऱ्या दिवसांची, दोन्ही थंडीत. त्याबद्दल ती फार बोलत नसे. विचारलंच कुणी तर एक वाक्य ठरलेलं होतं. "भुतानं न्हेली न्हाईत, भुकेनं न्हेली न्हाईत, बघाय आलेल्यांनी न्हेली." लोक म्हणायचे, म्हणजे दृष्ट लागली. ती म्हणायची, "व्हय, लागली. पर दृष्ट डोळ्यातनं लागत न्हाई, नाकातनं लागती."

हे सगळं मी ऐकून होतो. तेव्हा बावीस-तेवीस वर्षांचा होतो, लग्न व्हायचं होतं, घरची दीड खंडीची शेती बघत होतो आणि सर्ज्या नावाच्या बैलाशी माझी दिवसातून तीनदा भांडणं व्हायची. म्हातारीच्या खोकल्याच्या खुळाशी माझा काय संबंध? मी हसत होतो.

मग माझ्या थोरल्या भावाची बायको बाळंत झाली. पहिलटकरीण. आठवा लागला की माहेरी धाडायची, असं ठरलेलं. सातवा पुरा व्हायच्या आधीच ती परड्यात शेणी थापताना खाली बसली. पौष लागून चार दिवस झालेले. सकाळी धुकं इतकं, की गोठ्यातून घर दिसत नव्हतं. सुईण आली, तिनं मोकळं केलं, आणि बाहेर येऊन आईला म्हणाली, "पोरगी हाय. पर बोटभर हाय. आता तुमी हायसा आनि देव हाय." हात धुऊन ती गेली.

मी ती मुलगी त्या दिवशी पाहिली. सुपात कापूस घालून ठेवली होती. नखं नव्हती. कानाच्या पाळ्या चिकटलेल्या होत्या. रडण्याचा आवाज मांजराच्या पिलाचासुद्धा नाही, त्याहून कमी. मी बाहेर येऊन सर्ज्याला वैरण घातली. दुसरं काय करायचं ते कळलं नाही.

तासाभरानं येसक्का आली. कुणी बोलावली नव्हती. खांद्यावर मुसळ. तिनं ते आमच्या बाळंतिणीच्या खोलीच्या उंबऱ्यावर आडवं टाकलं आणि शेजारी बसली. आईला म्हणाली, "भागीरथे, हिचे दोन म्हयनं ऱ्हायल्यात. ते भाईर पुरे करायचं. साठ दिस. तवर ही जल्मलीच न्हाई असं समज."

आई म्हणाली, "म्हंजे?"

"म्हंजे पाचवी न्हाई, बारसं न्हाई, बघाय येनं न्हाई. पोटातल्या पोराला कोन बघाय येतंय का?"

आमच्याकडे बाळंतिणीला बघायला न जाणं म्हणजे वैर धरणं. आणि आलेल्याला दारातून परत पाठवणं त्याहून वाईट. आईचा चेहरा पडला. पण मुलीकडे बघून तिनं ते कबूल केलं. भांडण झालं ते धुरीवरून. आई शेगडीवर ओवा, वेखंड, शेपा टाकून खोली धुरानं भरायला निघाली. तशीच रीत होती, आम्ही दोघं भाऊ त्याच धुरात मोठे झालो होतो. येसक्कानं शेगडी उचलली आणि अंगणात नेऊन ठेवली. आई म्हणाली, "बाळाला ऊब नको व्हय?" येसक्का म्हणाली, "ऊब पायजे, धूर नको. तुला खोकला येतोय त्या धुरानं, तिला तर खोकायचंबी बळ न्हाई." मग तिनं आपली रीत सुरू केली. अंगणातल्या शेगडीवर भाताचा कोंडा गरम करायचा, फडक्याच्या पिशवीत भरायचा, आपल्या गालाला लावून बघायचा आणि सुपात दोन्ही बाजूंना ठेवायचा. दिवसभर मुलगी वैनीच्या उघड्या छातीवर, वरून जुनं लुगडं. दूध कापसाच्या वातीनं. थेंब थेंब.

पण लोक यायचे राहतात का? दुसऱ्या दिवसापासून बायका कुंच्या-अंगडी घेऊन हजर. येसक्कानं कुणाला "जा" म्हटलं नाही. ती म्हणायची, "या की. उखाना घ्या आनि आत जावा."

उखाणा घ्यायला कोण नाही म्हणणार? बायका लाजायच्या, खुशीनं घ्यायच्या. पण अट होती. एका दमात, मोठ्यानं, मधे थांबायचं नाही. येसक्का डोळे मिटून ऐकायची, कांडताना ऐकायची तशीच. शेवटी कुणाचा आवाज खरखरला, कुणी आवंढा गिळला, कुणी खाकरलं, की मुसळ जागचं हलायचं नाही. "तुमचा न्हाई झाला. पुना या, आठ दिसांनी." ती बाई चिडून निघून जायची, पण तिला अडवलं असं कुणाला म्हणता यायचं नाही, उखाणाच झाला नव्हता ना! ज्यांचा झाला त्यांनाही हातपाय धुऊन उंबऱ्याच्या आत एक पाऊल, आणि लांबूनच बघून परत.

घरातली माणसंही सुटली नाहीत. दादा रेल्वेच्या गँगवरून आला की रोज वैनीचं नाव घ्यायचा. पहिल्या दिवशी तो लाजून लाल झाला, आठवड्याभरानं उखाणे संपले, मग लोंढ्यापासून मुरगावपर्यंतच्या स्टेशनांची नावं ओळीनं घेऊन शेवटी बायकोचं नाव जोडायला लागला. आतून वैनीचं हसू ऐकू यायचं. ती हसते म्हणून दादा नवीन स्टेशनं शोधायचा.

मी म्हटलं, "आक्का, माझं लगीन झालेलं न्हाई. मी कुनाचं नाव घेऊ?"

"मग बैलाचं घे."

"बैलाचं?"

"तुजं आनि त्याचं रोज भांडान असतंय. नवरा-बायकोवानीच हाय की."

मी घेतला. "डोंगरावर डोंगर, गाडी सोडती धूर, सर्ज्याचं नाव घेतो, त्याला भूक लागली भरपूर." येसक्का पदर तोंडाला लावून हसली आणि मुसळ बाजूला केलं. त्यानंतर महिनाभर रोज सकाळी मी त्या दारात उभा राहून बैलाचं नाव घ्यायचो. वाडीतली पोरं मला सर्ज्याची बायको म्हणायला लागली.

गोव्याकडून येणारी गाडी कॅसलरॉकला जकातीसाठी थांबायची. शिपाई एकेकाची ट्रंक उघडून बघायचे. येसक्का म्हणायची, "त्ये पेट्या उघडत्यात, मी छाती उघडती. माज्यापास्नं कायबी लपून जात न्हाई."

एकदा मुकादमीणबाई आल्या. दादाच्या गँगच्या मुकादमाची बायको. हातात लाल मखमलीची कुंची, मागे गडी, त्याच्या डोक्यावर फळांची पाटी. आई धावत पुढे गेली, घोंगडं अंथरलं. बाईंना उखाण्याचं कळलं होतं, त्या तयारीनं आल्या होत्या. उभ्या राहिल्या आणि ठसक्यात म्हणाल्या, "लोंढ्याच्या बाजारात तांब्याची घागर, गणपतरावांचं नाव घेते—" आणि तिथं त्यांना ठसका लागला. फार नाही, एकदाच. मुसळ हललं नाही.

आई डोळ्यांनी खुणावत होती. येसक्का शांतपणे म्हणाली, "बाईसाब, आठ दिसांनी या."

"मला ठसका लागला, खोकला न्हाई."

"मला दोनीबी सारखंच ऐकू येतंय."

बाईंनी कुंची घोंगड्यावर टाकली आणि निघून गेल्या. येसक्कानं हात न लावता मुसळाच्या टोकानं ती कुंची उचलली आणि अंगणात तारेवर उन्हात टाकली. चार दिवस ती तिथं लोंबत होती. बाई परत आल्या नाहीत. पुढच्या आठवड्यात मुकादमानं दादाची नेमणूक घाटातल्या लांबच्या तुकडीवर केली. रोज पहाटे अंधारात निघून अंधारात परत यायचं. आई येसक्काला टोचून बोलली. दादा म्हणाला, "आई, ऱ्हाऊ दे. पोरीनं आज वातीबिगर दूध वढलं."

ते खरं होतं. मुलगी ओढायला लागली होती. नखं आली. कानाच्या पाळ्या सुट्या झाल्या. येसक्का रोज संध्याकाळी एक भाताचा दाणा करवंटीत टाकायची आणि मोजायची. वीस. तीस. दाणा टाकताना खोलीकडे तोंड करून म्हणायची, "झाला गं तुजा आजचा." वैनी विचारायची, "आक्का, हिला काय म्हनू? नुसती पोरगी पोरगी किती दिस म्हनू?" येसक्का म्हणायची, "नाव मी ठरिवलंय. साठावा दाना पडला की सांगीन. दिस भरल्याबिगर नाव तोंडातनं काढायचं न्हाई." शिमग्याच्या आधी दिवस भरणार होते. वैनीनं किती नावं म्हणून बघितली. येसक्का नुसती मान हलवायची.

आता माझं सांगतो. सांगायला लागेलच.

मुलगी झाली त्याच दिवशी गोठ्यात उभं राहून मी उळवीच्या देवाला, बसवन्नाला, नवस बोललो होतो. पोर माघापर्यंत जगली तर जत्रेला चालत येईन आणि तुझा अंगारा तिच्या कपाळाला लावीन. कुणी सांगितलं नव्हतं, माझं मीच बोललो. माघ आला, पोर जगली होती. मी निघालो. जाताना येसक्कानं माझ्या हातात तांदळाची पिशवी दिली, म्हणाली, "देवाला सांग, आक्कानं धाडलंय."

तीन दिवसांची वाट. जत्रेत गाड्यांची रांग, धूळ, बैलांचा घाम, हजारो माणसं. रात्री उघड्यावर झोपायचं, दव पडायचं, आणि सगळीकडून खोकल्याचा आवाज. माझ्या लक्षातही आलं नाही. जत्रेत कोण खोकला मोजतो? परत येताना दुसऱ्या दिवशी घसा धरल्यासारखा वाटला. धूळ गेली असेल, म्हटलं. आल्याचा तुकडा गुळाबरोबर चघळला. तिसऱ्या दिवशी छातीत जरा घरघर होती. मी चालता चालता सर्ज्याचा उखाणा म्हणून बघितला. दोनदा नीट झाला. एकदा नाही झाला.

आमच्या वाडीत एक रीत होती. नवसाचा अंगारा आणणाऱ्यानं शेवटचा ओढा ओलांडला, की ज्याच्यासाठी नवस केला त्याच्या कपाळाला अंगारा लागेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. कुणी त्याला बोलायला लावायचं नाही, अडवायचं नाही. लोक वाटेत येऊन पाया पडायचे. बोललं की अंगारा बाटतो, नवस मोडतो.

मी ओढा ओलांडला आणि मुका झालो.

घरी पोचलो तेव्हा येसक्का उंबऱ्यावर होती. मला बघून उठली. तिनं ते मुसळ उचललं आणि भिंतीला टेकवलं. चव्वेचाळीस दिवसांत पहिल्यांदा ते उखाण्याशिवाय दारातून उठलं होतं. ती वाकली, माझ्या पायांवर डोकं ठेवलं, आणि वर येताना क्षणभर थांबली, तिचं डोकं माझ्या छातीशी होतं. मग बाजूला झाली. मी अंगारा तिच्या कपाळाला लावला. आत गेलो. वैनीनं मुलगी पुढे केली. मी तिच्यावर वाकलो, अंगठ्यानं तिच्या कपाळावर अंगारा ओढला. तिनं डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. माझा श्वास तिच्या तोंडावर पडत होता, एवढा मी जवळ होतो.

मी मान हलवू शकलो असतो. दारातच अंगारा येसक्काच्या हातात देऊन मागे फिरू शकलो असतो. हे मला आज सुचतं. तेव्हा मला वाटलं, देवाचा अंगारा हातात आहे, त्याच्यापुढे घशाची खरखर काय करणार?

त्या रात्री मला खोकला आला. मी गोठ्यात झोपलो. दुसऱ्या दिवशी बोललो नाही, घराकडे गेलो नाही. तिसऱ्या दिवशी मुलीचं नाक भरलं. नाक भरलं की तिला ओढता येईना. येसक्कानं आपल्या तोंडानं तिचं नाक ओढून साफ केलं, परत भरलं, परत ओढलं. दिवसरात्र तिला उभी धरून छातीवर घेतली, वैनी थकली की येसक्का, येसक्का थकली की वैनी. चौथ्या दिवशी छातीचा खड्डा आत जायला लागला. मी अंगणातून ऐकत होतो. पाचव्या दिवशी सकाळी, गाडी घाटातून वर चढत होती तेव्हा, आतला आवाज थांबला.

मला रडू आलं नाही. अजूनही त्या दिवसाचं रडू आलेलं नाही. दादानं ओढ्यापलीकडे खड्डा काढला, मी दगड लावले. दादा दुसऱ्या दिवशी कामावर गेला. वैनीच्या छातीला दूध येत होतं, आई ते फडक्यानं टिपत होती.

लोक आले. आता सगळ्यांना आत येता येत होतं. आई म्हणाली, "धुरी घालू दिली असतीस तर..." येसक्का म्हणाली, "व्हय." मुकादमीणबाई आल्या, त्या म्हणाल्या, "एवढं दार धरून काय झालं?" येसक्का म्हणाली, "दार मीच सोडलं." माझ्याकडे तिनं बघितलंही नाही. कुणी विचारलं, कसं सोडलं, कुणासाठी सोडलं, तर पुढे बोलली नाही. माझा खोकला तोवर थांबला होता. मीही बोललो नाही.

तेराव्यासारखं काही करायचं नव्हतं. चार दिवसांनी तिनं मुसळ खांद्यावर टाकलं, कनवटीला करवंटी खोचली आणि गेली.

पुढे ती कांडत होती, पण गाणं म्हणायची नाही. नुसतं मुसळ. बायकांना घाव सांभाळणं जड जायचं, हळूहळू तिला बोलावणं कमी झालं. बाळंतिणीच्या घरात तर ती परत कधी गेली नाही. सातमाशी पोर झालं तर लोक बोलवायला जायचे. ती फणसाखाली उभी राहून सगळं सांगायची, कोंडा किती गरम, वात कशी वळायची, धूर नको, बघायला येणारे नकोत. दोन पोरं तशी वाचली असं ऐकलं. ती बघायला गेली नाही. माझ्याशी ती पहिल्यासारखीच बोलायची, "परशा, बैल कसा हाय?" एवढंच. मी म्हणायचो, "बरा हाय."

पाच वर्षं गेली. मोठी लढाई सुरू झाली होती, स्टेशनात लाकडाच्या वाघिणी भरून जायच्या, मला लाकडाच्या डेपोत मोजणीचं काम लागलं. खानापूरकडची मुलगी केली. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, पण तिकडे तापाची साथ होती म्हणून सासूबाईच आमच्याकडे आल्या. मुलगा झाला. पुऱ्या दिवसांचा, चांगला दणकट, रडायला लागला की गोठ्यातली जनावरं मान वळवायची. मात्र तोही थंडीतलाच.

सहाव्या दिवशी सकाळी येसक्का अंगणात आली. मुसळ नव्हतं, काठी होती. पाठीत वाकली होती. मी ओटीवर होतो, उठून उभा राहिलो. सासूबाईंना ती कोण हे माहीत नव्हतं. त्या दारातून म्हणाल्या, "या की आजी, आत या. बाळाला बघा."

येसक्का म्हणाली, "थांबा. उखाना घ्यायचा हाय."

सासूबाई हसल्या. विधवा म्हातारी कसला उखाणा घेणार, असं त्यांच्या तोंडावर दिसत होतं. येसक्कानं काठीवर दोन्ही हात ठेवले, डोळे मिटले आणि त्या बाप्याच्या आवाजात म्हणाली, "उळवीच्या वाटंवर बेलाचं झाड, बसवन्नाचं नाव घेती, उघड रं तुजं—"

आणि खोकला आला. थांबेना. काठीवर वाकून ती खोकत राहिली. थांबल्यावर पदरानं तोंड पुसलं, मान हलवली आणि वळली.

सासूबाई म्हणाल्या, "अहो, असू दे की! एवढ्या लांबनं आलायसा..." ती थांबली नाही.

मी मागे गेलो. अंगणाच्या पुढे, पाणंदीत गाठली. पाच वर्षं जे तोंडात होतं ते एकदम बाहेर आलं. "आक्का, त्या दिवशी माजा घसा धरला हुता. मला ठावं हुतं."

ती म्हणाली, "मलाबी ठावं हुतं. पाया पडून उठताना तुजी छाती वाजत हुती."

"मग मुसळ का उचललंस?"

तिनं काठी दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाली, "देवाच्या अंगाऱ्याला दार कसं धरायचं रं, परशा? मलाबी तेवढीच आशा हुती की."

मी विचारलं, "तिचं नाव काय ठरिवलं हुतंस?"

येसक्कानं कनवटीला हात लावला. तिथं करवंटी होती की नाही ते मला दिसलं नाही.

"अकरा दिस ऱ्हायलं हुतं तिचं," ती म्हणाली. "दिस भरल्याबिगर नाव काढायचं न्हाई." आणि काठी टेकत पाणंदीनं गेली. त्यानंतर मी तिला पाहिलं नाही. पुढच्या पावसात ती वारली, आणि मी तेव्हा डेपोच्या कामाला लोंढ्याला होतो.

त्या सकाळी पाणंदीतून परत आलो तर सासूबाई दारातच उभ्या होत्या. "कोन हो ती आजी? आनि आत का न्हाई आली?" आत मुलगा रडत होता. मी हातपाय धुतले, उंबऱ्याबाहेर उभा राहिलो आणि मोठ्यानं सर्ज्याचा उखाणा घेतला. सर्ज्या मरून तीन वर्षं झाली होती. सासूबाई माझ्याकडे बघत राहिल्या. उखाणा एका दमात झाला. मग मी आत गेलो.